मूळ रंग कोणता?

सोसायटीचं पत्र आलं ते २०२२च्या जून महिन्यात. इमारत पुनर्विकासाला जाणार, तरी सभासदांनी आपापली गॅरेजेस तीन महिन्यांत रिकामी करावीत, असा मजकूर. आमच्या गॅरेजात होतं तरी काय? मुलीची तिचाकी सायकल, छापखान्यातले दोन खिळ्यांचे खण, गणपतीचं मखर आणि ताडपत्रीखाली झाकलेली अण्णांची फियाट.

फियाट ११०० डिलाइट. १९६७ची. अण्णांनी ती १९७४ साली एका डॉक्टरांकडून घेतली. त्या काळी नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, त्यामुळे जुन्या गाडीलाही चांगला भाव असे. सदाशिव पेठेत आमचा लहानसा छापखाना होता. लग्नसराईत पत्रिकांचे गठ्ठे त्या गाडीतून घरोघरी जायचे. मागच्या सीटवर आम्ही दोघं भाऊ, मांडीवर पत्रिका आणि गाडीत शाईचा वास. आजही ओल्या शाईचा वास आला की मला आधी गाडी आठवते, मग छापखाना.

पत्र वाचून सौ. म्हणाली, "आता तरी तिचं काय ते करा." ठाण्याला दादाला फोन केला. त्यानं एका वाक्यात निकाल दिला, "भंगारवाल्याला बोलाव." भंगारवाला आला, त्यानं ताडपत्री उचलली, बॉनेटवर दोनदा टिचकी मारली आणि किलोच्या हिशेबानं आकडा सांगितला. इतकी वर्षं घरात वावरलेल्या माणसाचं कुणी वजन करावं, तसं झालं. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

आमची कन्या चाकणला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. ती रात्री घरी आली, टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटत गेली आणि अर्ध्या तासानं केसांत जळमटं घेऊन बाहेर आली. म्हणाली, "बाबा, होईल. पण ठरवा, हिला कशी करायची? होती तशी, की चालेल अशी?"

प्रश्न ऐकायला सोपा वाटला. त्याचं उत्तर सापडायला आम्हाला एकोणीस महिने लागले.

कुर्ल्याची लेक

नव्या पिढीसाठी थोडा इतिहास. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. तिथे आधी अमेरिकन बनावटीच्या गाड्या जुळवल्या जात, नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला. इटलीत १९५३ साली आलेली ११०० ही गाडी पन्नाशीच्या दशकात आपल्याकडे दाखल झाली. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेले, आणि अंग गोलमटोल. लोकांनी तिचं बारसं करून टाकलं, 'डुक्कर फियाट'! या नावात हेटाळणी कमी आणि लाडच जास्त होता. १९६४ साली आमच्या गाडीचं मॉडेल, म्हणजे डिलाइट आलं. सत्तरीच्या दशकात फियाट हे नाव गेलं, 'प्रेसिडेंट' आली आणि १९७४ साली त्याच गाडीची 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं रूप घेऊन ती सगळ्या देशाला ठाऊक झाली.

ही काही राजेमहाराजांची गाडी नव्हे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी अशीच १९६४ची फियाट घेतली होती. किंमत बारा हजार. घरात सात हजार होते, म्हणून पाच हजारांचं कर्ज बँकेकडून काढलं. १९६६च्या जानेवारीत ताश्कंदला ते गेले तेव्हा कर्ज फिटलं नव्हतं. पुढे ललिताबाईंनी ते निवृत्तिवेतनातून फेडलं. दिल्लीच्या त्यांच्या स्मारकात ती गाडी आजही उभी आहे. ज्या गाडीसाठी पंतप्रधानांना कर्ज काढावं लागलं, ती आमच्या छापखानेवाल्या अण्णांकडे होती, याचा अर्थ आता कळतो. तेव्हा आम्हाला ती फक्त घाटात तापणारी गाडी होती. पसरणीच्या घाटात ती हमखास फुसफुसायची. अण्णा बाजूला घेऊन बॉनेट उघडायचे, आई डबा काढायची आणि इंजिन निवेपर्यंत आमची सहल तिथेच साजरी व्हायची.

चाचांचा हात

नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांमागे एक मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांचं स्वतःचं गॅरेज बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण "फियाट आहे" म्हटल्यावर ते रिक्षानं आले. गाडीजवळ गेले आणि आधी वास घेतला. म्हणाले, "साहेब, पेट्रोल टाकीत तसंच सोडलं होतं ना? आता ते पेट्रोल नाही राहिलं, व्हार्निश झालंय."

सतरा वर्षं उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारायचा नसतो, हा चाचांचा पहिला धडा. आत पिस्टन गंजून सिलिंडरला धरलेले असतात. जोर केला की रिंगा तुटतात, सिलिंडरवर ओरखडे पडतात. त्यांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून थोडं ऑइल आत सोडलं आणि निघून गेले. दर दोन दिवसांनी यायचे, ऑइल घालायचे, हँडल लावून अगदी अलगद जोर देऊन पाहायचे आणि मान हलवून चहा मागायचे. अकराव्या दिवशी हँडल करंगळीएवढं सरकलं. चाचांचा चेहरा असा फुलला, की जणू नातवानं पहिलं पाऊल टाकलं!

मग इंजिन उतरवलं. १०८९ सीसीचं ते चार सिलिंडरचं इंजिन आजच्या गाड्यांपुढे खेळण्यासारखं दिसतं. सगळं डोळ्यांना दिसतं, सगळ्याला हात पोचतो. आमच्या घराचं मात्र वर्कशॉप झालं. प्रत्येक नट कुठून निघाला ते चिठ्ठीवर लिहून, फोटो काढून, बिस्किटांच्या डब्यांत ठेवायचा, हा कन्येचा नियम. सौ.चं जुनं घमेलं रॉकेलात भिजलेल्या बोल्टांना गेलं. एका रविवारी पाहुण्यांपुढे चकल्यांचा म्हणून उघडलेल्या डब्यातून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा निघाल्या, ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगितली जाते.

सुट्या भागांसाठी मी किती हिंडलो! पुण्याचा जुना बाजार, नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस, कुर्ल्याचा सीएसटी रोड. एका दुकानदारानं खरी गोम सांगितली. म्हणाला, "मुंबईच्या टॅक्सी होत्या तोवर फियाटचा माल निघायचा. टॅक्सी संपल्या, मालही संपला." आमचं काम चालू असतानाच ते घडलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा; त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला. चाचांनी ती बातमी वाचून पेपर घडी घालून ठेवला आणि एवढंच म्हणाले, "आता हा हात पण कोणाच्या कामाचा नाही."

ते मला लागलं. गाडी जपणारे हौशी खूप आहेत. पण कानानं टॅपेट लावणारा, पॉइंटमधली फट नुसत्या नजरेनं ओळखणारा माणूस कुठल्या संग्रहालयात ठेवणार? तेव्हापासून कन्या रविवारी त्यांच्या शेजारी वही घेऊन बसू लागली. चाचा सांगायचे, ती लिहायची. मग तेच तिच्या हातानं करायला लावायचे. चुकलं की पुन्हा खोलायचं. काम लांबलं ते यामुळेही.

डालड्याचा पत्रा

गंज हा खरा शत्रू. या गाडीला वेगळी चासी नाही. अंग आणि सांगाडा एकच. म्हणजे खालचा पत्रा कुजला तर ती नुसती शोभेची बाब राहत नाही, गाडीची ताकदच जाते. ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी चटई उचलली तर खाली पिवळा रंग आणि त्यावर नारळासारखं एक झाड! डालड्याचा डबा कापून, चपटा करून, रिव्हेट मारून अण्णांनी भोक बुजवलं होतं. रिव्हेटा एका ओळीत, छापखान्यातल्या खिळ्यांसारख्या सरळ.

मी म्हणालो, "हा ठेवायचा." चाचा म्हणाले, "साहेब, हा ठेवला तर नवा पत्रा पण खाईल. पाणी धरतो." कन्येनंही मान डोलावली. वाद घालण्यात अर्थ नव्हता. तो तुकडा कापला, नवा पत्रा वेल्ड केला. डालड्याचा पत्रा माझ्या टेबलाच्या खणात आहे. सगळंच जपता येत नाही, हे मी तिथे शिकलो.

पण मग काय जपायचं? या छंदात पडलेल्या मंडळींत यावर कडाक्याचे वाद असतात. एका बाजूला शुद्धतावादी. त्यांना स्क्रूसुद्धा त्या सालचा लागतो. दुसऱ्या बाजूला सुधारणावादी. ते जुन्या फियाटमध्ये मारुतीचं इंजिन बसवतात, डिस्क ब्रेक लावतात, एसी घालतात. आम्हाला दोन्ही पंथांची माणसं भेटली आणि दोघंही मनापासून मदत करणारी निघाली. मारुतीच्या इंजिनवाले गृहस्थ म्हणाले, "मला ही गाडी घेऊन रोज कामावर जायचंय. झाकून ठेवायची तर नवीन सोफा का नको?" त्यांचंही खोटं नव्हतं. फक्त मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी हवी. हौसेच्या भरात पुष्कळ जण हे विसरतात आणि मग कागदपत्रांत अडकतात.

जुन्या गाड्यांच्या संघटनांचा 'फिवा' नावाचा जागतिक महासंघ १९६६पासून आहे. त्यानं २०१२च्या सुमारास एक सनद केली, ट्युरिनची सनद. ट्युरिन म्हणजे तोरिनो, फियाटचंच गाव. फियाटमधला 'ट' तिथलाच. त्या सनदेचा सूर असा, की गाडी नव्यासारखी चकचकीत करण्यापेक्षा तिच्या आयुष्याच्या खुणा जपा. जेवढं गरजेचं तेवढंच करा. जे कराल त्याची नोंद ठेवा. कन्येनं याचं घरगुती सूत्र केलं, "जे परत फिरवता येणार नाही ते करायचं नाही."

त्या सूत्रावर आमची यादी झाली. पट्टे बसवले, कारण जीव मोठा. ब्रेक ड्रमचेच ठेवले, पण सिलिंडर, लायनर, नळ्या सगळं नवं. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बदलला, कारण आजच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि त्या काळचं रबर त्यानं सडतं. हेड उघडलेलंच होतं, तेव्हा व्हॉल्व्हच्या सीटही कडक धातूच्या बसवल्या. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं त्यांची झीज थांबवायचं, ते २०००च्या फेब्रुवारीपासून देशभर बंद झालं. ही एक गोष्ट परत फिरवता येण्याजोगी नव्हती. कन्येनं वहीत तशी कबुली लिहून ठेवली आहे. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, चोकची खुंटी, पुढच्या दारांच्या तिकोनी काचा, या कशालाही हात लावला नाही.

किल्ली

आता रंगाची गोष्ट. आणि ती सांगायची तर एक जुनी गोष्ट आधी सांगायला हवी.

२००५ साली अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. एका संध्याकाळी घराच्याच गल्लीत त्यांची गाडी एका सायकलवाल्या मुलाला घासून गेली. मुलाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण अण्णांना तो दिसलाच नव्हता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या रात्री मी किल्ली काढून माझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवली. सकाळी म्हणालो, "अण्णा, बॅटरी गेली आहे, बघून घेतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाले. नंतर किल्लीबद्दल कधीच विचारलं नाही. रोज सकाळी फडकं घेऊन गाडी पुसायचे. गाडी कुठे जात नसे, तरी पुसायचे. हातात त्राण होतं तोवर पुसली. २०१३ साली ते गेले.

मी चुकलो असं मला अजूनही वाटत नाही. पण त्यांच्याशी खोटं बोललो, तोंडावर सांगायचं धैर्य केलं नाही, हे मात्र टोचत राहिलं. भंगारवाल्याला परत पाठवलं ते बहुधा त्यामुळेच.

तर रंग. जुना रंग पॉलिश पेपरनं घासायला घेतला तेव्हा आधी पिवळट क्रीम निघाला. कन्या म्हणाली, "हाच मूळ. मी लहानपणापासून हाच पाहिलाय." तो १९९१चा. त्याखाली आकाशी निळा निघाला आणि माझ्या पोटात काहीतरी हललं. माझ्या शाळेच्या दिवसांतली गाडी ती हीच. त्याच्याही खाली, प्रायमरच्या वर, करडा. कारखान्यातून आलेला. शुद्धतावादी मित्र म्हणाले, "प्रश्नच नाही, करडा." खरंही होतं. पण करडा रंग डॉक्टरांच्या गाडीचा. अण्णांच्या गाडीचा म्हणाल तर कोणता?

मी दादाला फोन लावला. गाडी भंगारात गेली नाही हे त्याला ठाऊक होतं, पण आम्ही त्यावर बोलणं टाळत होतो. मी रंगाचं विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "निळा दे. छापखान्याचं कर्ज फिटलं त्या वर्षी, अठ्ठ्याहत्तर साली, अण्णांनी तो स्वतः निवडला होता. मला घेऊन गेले होते दुकानात. पाच डबे उघडायला लावले दुकानदाराला." हे मला माहीतच नव्हतं.

बोलता बोलता मी त्याला किल्लीचं सांगितलं. इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "मला ठाऊक आहे. अण्णांनीच सांगितलं होतं. म्हणाले, किल्ली त्याच्या कपाटात आहे, मला माहीत आहे; घ्यायची असती तर घेतली असती."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅरेजात बसून होतो.

गाडीला निळा रंग दिला. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र तळहाताएवढी जागा तशीच सोडली; तिथे क्रीम, निळा आणि करडा, तिन्ही थर एकाखाली एक दिसतात. कुणी विचारलं मूळ रंग कोणता, तर आम्ही डिकी उघडून दाखवतो.

रस्त्यावर

कागदांचं काम वेगळंच. अण्णांचं नाव उतरवून माझं चढवायचं, तर वारस म्हणून दादाची संमती हवी. नोंदणीची मुदत कधीच संपलेली. विलंबशुल्क, पर्यावरण कर, तपासणी, सगळं ओळीनं आलं. पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी २०२१च्या जुलैत केंद्रानं 'व्हिंटेज' नोंदणीचा वेगळा नियम केला आहे. ती नोंदणी दहा वर्षं चालते, पण मग गाडी प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरतीच रस्त्यावर काढता येते, नेहमीच्या वापरासाठी नाही. आम्ही नेहमीची, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागणारी नोंदणीच पसंत केली. ही गाडी पत्रिका वाटत आणि मंडईतून भाजी आणत मोठी झाली. तिला दर्शनी कशाला बसवायची? एमएच-१२च्या आधीचा जुना, तीन अक्षरांचा क्रमांक मात्र तोच राहिला.

पुनर्विकास, नेहमीप्रमाणे, रेंगाळला होता, म्हणून आम्हाला वेळ मिळाला. २०२४च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, दादा सह्या करायला ठाण्याहून आला. चाचाही आले होते. चोक ओढला, कन्येनं स्टार्टर मारला. दोनदा खोकून इंजिन लागलं. चाचांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, कान देऊन ऐकलं आणि कन्येला म्हणाले, "तिसरा टॅपेट वाजतोय. तू ऐक." तिनं ऐकलं आणि बरोबर तोच काढला. त्या दिवशी चाचांनी पैसे घेतले नाहीत. तिळगूळ घेतला.

संध्याकाळी आम्ही दोघं भाऊ गाडी घेऊन निघालो. मी चालवत होतो. दादा डावीकडे, आई बसायची तिथे. सदाशिव पेठेत, जिथे छापखाना होता तिथे आता औषधांचं दुकान आहे. त्याच्यासमोर दोन मिनिटं थांबलो. परत येताना दादा म्हणाला, "दे, मी घेतो." मी उतरून किल्ली त्याच्या हातात दिली.

वाचकहो, तुमच्याही घरी, गावाकडच्या खळ्यात किंवा मामाच्या गोठ्यात एखादी अशी गाडी, स्कूटर, नाहीतर मोटरसायकल धूळ खात उभी असेल. सगळ्यांनीच ती दुरुस्त करावी असं मी म्हणणार नाही. वेळ, पैसा आणि घरच्यांचा संयम, तिन्ही पुष्कळ लागतात. पण भंगारवाल्याला बोलावण्याआधी दोन कामं करा. प्लग काढून त्यात थोडं ऑइल सोडा. आणि ती गाडी ज्यांनी पाहिली आहे त्या सगळ्यांना विचारा, तिचा रंग कोणता होता. उत्तरं वेगवेगळी येतील. तिथून पुढची बोलणी आपोआप सुरू होतात.